बढतीनंतरचा पहिला हंगाम : ब्लॅकबर्न रोव्हर्स, २०१८-१९

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातला, १८७५ साली स्थापन झालेला फुटबॉल क्लब. नोव्हेंबर २०१० पासून त्याची मालकी पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाकडे, म्हणजेच ‘व्यंकीज’कडे आहे. एकेकाळी इंग्लंडचा विजेता ठरलेला हा संघ २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला, वर्षभरात पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला आणि २०१८-१९ चा हंगाम नुकती बढती मिळालेला संघ म्हणून खेळला. त्या हंगामात त्याला ना करंडक मिळाला, ना पुढची बढती. २४ संघांत त्याचा क्रमांक पंधरावा लागला. तरीही वरच्या श्रेणीत गेलेला संघ तिथे पाय कसे रोवतो, त्यासाठी काय मोजावे लागते आणि मालकाच्या संयमाला किती मोल असते, हे समजून घ्यायला या हंगामासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही.

श्रेणी आणि त्यांचे नियम

इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब असतात. सर्वांत वर २० संघांची प्रीमियर लीग. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या प्रत्येकी २४ संघांच्या तीन श्रेणी. त्यांच्याही खाली निम-व्यावसायिक आणि हौशी लीगांची मोठी उतरंड आहे. या सगळ्या श्रेणी बढती आणि घसरण यांनी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. दरवर्षी हंगाम संपला की तळाचे काही संघ खाली जातात आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ त्यांची जागा घेतात. अगदी लहान गावाच्या क्लबलाही वर जाण्याचा मार्ग खुला असतो आणि मोठ्यातल्या मोठ्या क्लबचे स्थान कायमचे नसते.

ही पद्धत एका दिवसात आली नाही. १८८८ मध्ये १२ क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली. त्या बारांत ब्लॅकबर्न रोव्हर्स होता. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी निघाली. सुरुवातीची काही वर्षे वरच्या श्रेणीतले तळाचे संघ आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ यांच्यात कसोटी सामने होत आणि त्यांवर पुढील वर्षीचे स्थान अवलंबून असे. १८९८-९९ पासून थेट बढती व घसरण लागू झाली. विजयाला २ ऐवजी ३ गुण देण्याची पद्धत १९८१ मध्ये आली, तर बढतीसाठीचे प्ले-ऑफ सामने १९८६-८७ च्या हंगामापासून सुरू झाले.

चॅम्पियनशिपमध्ये प्रत्येक संघ इतर २३ संघांशी घरच्या आणि परक्या मैदानावर एकेकदा खेळतो. म्हणजे ऑगस्ट ते मे या काळात ४६ सामने होतात. पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये जातात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चार संघांत प्ले-ऑफ होतात आणि त्यांतला विजेता तिसरी जागा मिळवतो. शेवटचे तीन संघ लीग वनमध्ये घसरतात. लीग वनमधूनही अशाच रीतीने तीन संघ वर येतात. गुण समान झाले तर गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा स्वीकारलेले गोल, निर्णायक ठरतो. हा गोलफरक ब्लॅकबर्नला दोनदा मोठा चटका लावून गेला.

गिरण्यांचे शहर, गिरणीकामगारांचा खेळ

ब्लॅकबर्नची लोकसंख्या लाख-सव्वा लाखाच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत परळी वैजनाथची लोकसंख्या ९० हजारांच्या आसपास होती. परळीपेक्षा थोड्याच मोठ्या असलेल्या या शहरात इवुड पार्क हे ३१ हजारांहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम उभे आहे आणि क्लब तिथे १८९० पासून खेळतो आहे. शहराच्या मानाने क्लब केवढा मोठा आहे, हे यावरून लक्षात येते.

शहराचा आणि हिंदुस्थानचा संबंध मात्र क्लबच्या मालकीपेक्षा कितीतरी जुना आहे. ब्लॅकबर्न हे एकोणिसाव्या शतकात सुती कापडाच्या गिरण्यांचे मोठे केंद्र होते. सूतकताईत क्रांती घडवणाऱ्या ‘स्पिनिंग जेनी’ या यंत्राचा कर्ता जेम्स हारग्रीव्ह्ज याच परिसरातला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदी कापसाकडे मोर्चा वळवला आणि वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदी बाजारासाठी धोतरे विणली जात. पुढे हिंदुस्थानातल्या गिरण्या वाढल्या, स्वदेशीची चळवळ पसरली आणि लँकेशायरचा धंदा बसला. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले महात्मा गांधी सप्टेंबर १९३१ मध्ये ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेन या गावी जाऊन गिरणीकामगारांना भेटले, ते याच पार्श्वभूमीवर.

फुटबॉल या गिरणीशहरांत रुजला तो कामगारांच्या शनिवारच्या अर्ध्या सुटीमुळे. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या शहरातल्याच दुसऱ्या संघाने एफए कप जिंकला आणि उमरावांच्या शाळांमधून आलेल्या संघांची सद्दी संपली. त्यापाठोपाठ रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ असे सलग तीनदा तो करंडक मिळवला. एकूण सहा एफए कप आणि १९१२ व १९१४ ची लीग विजेतेपदे अशी या क्लबची जुनी पुण्याई आहे. निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या रंगांचा सदरा आणि बोधचिन्हावर लँकेशायरचे लाल गुलाबफूल ही त्याची ओळख.

नव्या काळातले वैभव आले ते जॅक वॉकर या स्थानिक पोलाद उद्योगपतीमुळे. १९९१ मध्ये त्याने क्लब ताब्यात घेतला, केनी डॅलग्लिश याला मॅनेजर केले आणि ॲलन शिअररसारखा गोलरक्षकांची झोप उडवणारा आघाडीपटू विकत घेतला. १९९४-९५ मध्ये शिअररने लीगमध्ये ३४ गोल केले. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलकडून हरला, पण मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर समाधान मानावे लागले आणि ८९ विरुद्ध ८८ गुणांनी प्रीमियर लीग ब्लॅकबर्नची झाली. चारच वर्षांनी, १९९९ मध्ये, हा संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. २००० साली वॉकरचे निधन झाले. २००१ मध्ये संघ पुन्हा प्रीमियर लीगमध्ये परतला आणि पुढल्याच वर्षी त्याने लीग कप जिंकला.

पुण्याची मालकी आणि घसरण

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभारलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज समूह हा भारतातल्या कुक्कुटपालन उद्योगातला अग्रगण्य समूह. अंडी उबवणी, कोंबडीखाद्य, लसी आणि प्रक्रिया केलेले चिकन असा त्याचा पसारा असून मुख्यालय पुण्यात आहे. रावांच्या पश्चात त्यांची कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश राव व बालाजी राव यांनी कारभार सांभाळला. १९ नोव्हेंबर २०१० रोजी या कुटुंबाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला आणि क्लबवरच्या कर्जाची जबाबदारीही उचलली. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीय कंपनीच्या मालकीचा होण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढल्या वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, हा संघ पुण्यात येऊन बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि ३-० असा जिंकला.

मालकीची पहिली वर्षे क्लबला जड गेली. ताबा घेतल्यावर महिन्याभरातच अनुभवी मॅनेजर सॅम ॲलरडाइस याला दूर करून स्टीव्ह कीन याच्याकडे संघ सोपवला गेला. मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून १-० असा पराभव झाला आणि प्रीमियर लीगमधले स्थान गेले. प्रेक्षकांनी मालकांचा निषेध म्हणून त्या सामन्यात मैदानात कोंबडी सोडली होती. त्यानंतरचा २०१२-१३ चा हंगाम तर अस्थिरतेचा कळस ठरला. कीनने राजीनामा दिला, हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकेल ॲपलटन ६७ दिवस. अखेर गॅरी बोयर याने संघ सावरला. पुढे जमाखर्चाचे नियम मोडल्याबद्दल खेळाडू खरेदीवर निर्बंध आले, जॉर्डन ऱ्होड्ससारखा हुकमी गोल करणारा खेळाडू विकावा लागला आणि मॅनेजर बदलत राहिले.

फेब्रुवारी २०१७ मध्ये टोनी मोब्रे आला, तेव्हा संघ तळाच्या तीन संघांत होता. मिडल्सब्रोचा माजी कर्णधार असलेल्या मोब्रेने २००८ मध्ये वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियनला चॅम्पियनशिप जिंकून दिली होती. त्याच्या हाताखाली संघ सुधारला, पण उशीर झाला होता. ७ मे २०१७ रोजी ब्लॅकबर्नने ब्रेंटफर्डला त्यांच्याच मैदानावर ३-१ ने हरवले. त्याच वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचला ३-० ने नमवले. दोघांचे गुण ५१ झाले आणि अवघ्या २ गोलांच्या फरकाने ब्लॅकबर्न खाली गेला. प्रीमियर लीग जिंकलेला संघ तिसऱ्या श्रेणीत जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

तिसऱ्या श्रेणीतले वर्ष

एवढ्या घसरणीनंतर मॅनेजर बदलणे ही इंग्लंडमधली नेहमीची रीत. मालकांनी या वेळी तसे केले नाही. मोब्रेलाच संघ नव्याने बांधायला सांगितले. २०१७-१८ ची सुरुवात वाईट झाली: साउथएंड आणि डॉनकास्टर यांच्याकडून सलग दोन पराभव. त्यानंतर मात्र संघाने मागे वळून पाहिले नाही. ४६ सामन्यांत २८ विजय, १२ बरोबरी आणि फक्त ६ पराभव अशी कामगिरी करत त्याने ९६ गुण मिळवले. विगन ९८ गुणांसह पहिला आला आणि ब्लॅकबर्न दुसरा. २४ एप्रिल २०१८ रोजी डॉनकास्टरच्या मैदानावर कर्णधार चार्ली मलग्रूच्या गोलाने १-० असा विजय मिळाला आणि बढती पक्की झाली. ज्या संघाने हंगामाच्या आरंभी हरवले होते, त्याच्याच मैदानावर हे काम फत्ते झाले.

त्या वर्षाचा नायक होता ब्रॅडली डॅक. जिलिंगहॅमकडून घेतलेल्या या मधल्या फळीतल्या खेळाडूने लीगमध्ये १८ गोल केले आणि लीग वनमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला.

वर गेल्यावर संघ किती बदलायचा?

बढती मिळालेल्या प्रत्येक क्लबपुढे उन्हाळ्यात एकच प्रश्न असतो. ज्या खेळाडूंनी बढती मिळवून दिली, त्यांच्यावर भरवसा ठेवायचा की वरच्या दर्जाचे नवे खेळाडू आणायचे? सगळा संघ बदलला तर जमलेली घडी विस्कटते आणि खर्च हाताबाहेर जातो. काहीच बदलले नाही तर संघ अपुरा पडतो. मोब्रेने मधला मार्ग धरला. गोलरक्षक डेव्हिड राया, बचावात मलग्रू आणि डॅरा लेनिहन, मधल्या फळीत डॅक आणि पुढे डॅनी ग्रॅहम हा कणा तसाच राहिला. त्याभोवती मोजकी भर घालण्यात आली. आधीच्या हंगामात काही महिन्यांसाठी कराराने आलेला ॲडम आर्मस्ट्राँग न्यूकॅसलकडून कायमचा घेतला. ऑक्सफर्डहून जो रॉथवेल आला. हॅरिसन रीड साउदॅम्प्टनकडून एका हंगामासाठी आला. मोठी गुंतवणूक झाली ती नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या १९ वर्षांच्या बेन ब्रेरेटनवर. तो आधी तात्पुरत्या करारावर आणि जानेवारीत कायमचा ब्लॅकबर्नचा झाला.

या खरेदीत एक धोरण दिसते. नवे खेळाडू बहुतेक तरुण होते आणि त्यांची किंमत पुढे वाढण्याजोगी होती. अनुभवाची बाजू ३३ वर्षांचा ग्रॅहम आणि ३२ वर्षांचा मलग्रू सांभाळत होते.

हंगामाची वाटचाल

४ ऑगस्ट २०१८ रोजी इप्सविचच्या मैदानावर २-२ अशा बरोबरीने हंगाम सुरू झाला. पहिल्या काही महिन्यांत ब्लॅकबर्नला हरवणे सोपे नव्हते. बरोबरीचे सामने बरेच झाले आणि संघ गुणतक्त्याच्या मध्यावर स्थिरावला. या काळातला सर्वांत मोलाचा विजय २० ऑक्टोबरला आला. अर्जेंटिनाचा विख्यात प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा याच्या हाताखाली लीड्स युनायटेड त्या वर्षी जोरात होता. इवुड पार्कवर ग्रॅहमने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, लीड्सने बरोबरी साधली, पण लेनिहनच्या हेडरने ब्लॅकबर्नने २-१ अशी बाजी मारली. वर्षभरापूर्वी तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या बचावपटूचा गोल पहिल्या क्रमांकासाठी झुंजणाऱ्या संघाविरुद्ध निर्णायक ठरला.

नोव्हेंबरात वरच्या श्रेणीचा दुसरा चेहरा दिसला. शेजारच्या प्रेस्टनने ४-१ असा धुव्वा उडवला. चॅम्पियनशिपमध्ये शनिवार, मंगळवार, पुन्हा शनिवार असे सामने येत राहतात. राखीव खेळाडू तोडीचे नसले की एखाद-दुसऱ्या दुखापतीनेही संघाची लय बिघडते. नव्याने वर आलेल्या संघाला हे ओझे सर्वांत जास्त जाणवते.

लीड्सविरुद्धचा परतीचा सामना २६ डिसेंबरला त्यांच्या एलंड रोड मैदानावर झाला. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सामने भरवण्याची इंग्लंडमध्ये जुनी प्रथा आहे आणि त्या दिवशी मैदाने फुललेली असतात. पूर्वार्धात ब्लॅकबर्नच्या स्वयंगोलामुळे लीड्स पुढे गेला. उत्तरार्धात मलग्रूने पेनल्टीवर बरोबरी साधली. ९० व्या मिनिटाला त्याच मलग्रूने फ्री किकवर चेंडू जाळ्यात धाडला आणि परक्या मैदानावर ब्लॅकबर्न २-१ असा पुढे झाला. विजय हातातोंडाशी आला होता. पण भरपाई वेळेच्या पहिल्याच मिनिटाला लीड्सच्या केमार रूफने बरोबरी केली आणि चौथ्या मिनिटाला त्यानेच आणखी एक गोल केला. अवघ्या काही मिनिटांत ३ गुणांचे शून्य झाले. तुल्यबळ खेळ करूनही शेवटचे काही क्षण सांभाळता न येणे, हा नव्या संघाचा नेहमीचा दुबळेपणा या सामन्यात उघडा पडला.

जानेवारीत संघाने उभारी धरली. एफए कपच्या तिसऱ्या फेरीत प्रीमियर लीगमधल्या न्यूकॅसलला त्याने त्यांच्याच मैदानावर १-१ असे रोखले. फेरसामन्यात दोन गोलांनी मागे पडूनही ब्लॅकबर्नने बरोबरी साधली. जादा वेळेत मात्र ४-२ अशी हार पत्करावी लागली. लीगमध्येही याच महिन्यात विजय मिळत गेले आणि प्ले-ऑफची चर्चा सुरू झाली.

ती चर्चा २ फेब्रुवारीला ब्रेंटफर्डमध्ये थांबली. सामना सुरू होताच ब्लॅकबर्नने दोन गोलांची आघाडी घेतली होती. सामना संपला तेव्हा गोलफलक ५-२ असा ब्रेंटफर्डच्या बाजूने होता. त्यानंतर फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत पराभवांची रांग लागली. एरवी अशा वेळी मॅनेजरची खुर्ची डळमळते. ब्लॅकबर्नमध्ये तसे घडले नाही. एप्रिलमध्ये विजय पुन्हा मिळू लागले आणि संघाने हंगाम सन्मानाने पुरा केला.

आकडे काय सांगतात?

४६ सामन्यांत १६ विजय, १२ बरोबरी, १८ पराभव, ६४ गोल केले, ६९ स्वीकारले, गुण ६०. प्ले-ऑफच्या शेवटच्या जागेवरच्या डर्बी काउंटीचे गुण ७४ होते, तर घसरलेल्या तीन संघांत सर्वांत वर असलेल्या रॉदरहॅमचे ४०. ब्लॅकबर्न प्ले-ऑफपासून १४ गुणांनी दूर आणि घसरणीच्या रेषेपासून २० गुणांनी सुरक्षित होता.

हे आकडे आधीच्या वर्षाशेजारी ठेवले की खरी गोष्ट कळते. लीग वनमध्ये संघाने ८२ गोल केले होते आणि ४० स्वीकारले होते. वरच्या श्रेणीत गोल १८ ने कमी झाले, पण स्वीकारलेले गोल २९ ने वाढले. आघाडीफळी वरच्या दर्जाला बऱ्यापैकी पुरून उरली. डॅक आणि ग्रॅहम यांनी लीगमध्ये प्रत्येकी १५ गोल केले, म्हणजे संघाचे जवळपास निम्मे गोल या दोघांचे. मलग्रूने बचावपटू असूनही पेनल्टी आणि फ्री किकच्या जोरावर १० गोल केले. बचावफळीची मात्र दमछाक झाली. खालच्या श्रेणीत जी चूक खपून जाते, तिची किंमत वरच्या श्रेणीत गोलाने चुकवावी लागते. तिथले आघाडीपटू मिळालेली संधी सहसा सोडत नाहीत.

त्या वर्षी लीग वनमधून वर आलेल्या तीन संघांची तुलनाही बोलकी आहे. लीग वनचा विजेता विगन ५२ गुणांसह अठरावा आला, रॉदरहॅम पुन्हा खाली गेला आणि दुसऱ्या क्रमांकाने आलेला ब्लॅकबर्न तिघांत सर्वांत वर राहिला.

पैशाचे गणित

वरची श्रेणी म्हणजे अधिक उत्पन्न, हे खरे असले तरी खर्च त्याहून वेगाने वाढतो. लीग वनमध्ये खेळाडूंच्या पगारावर क्लबच्या उलाढालीच्या ६० टक्क्यांची मर्यादा होती. चॅम्पियनशिपमध्ये तशी मर्यादा नव्हती आणि तिथल्या अनेक क्लबांचा पगारखर्च एकूण उत्पन्नाहूनही जास्त असे. त्यातच प्रीमियर लीगमधून नुकत्याच घसरलेल्या संघांना काही वर्षे ‘पॅराशूट’ रक्कम मिळते. नव्याने वर आलेल्या संघाला अशा श्रीमंत प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे लागते.

यावर लगाम म्हणून तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा होऊ नये, असा चॅम्पियनशिपचा नियम होता. तो मोडल्यामुळे मार्च २०१९ मध्ये बर्मिंगहॅम सिटीचे ९ गुण कापले गेले. त्याच हंगामात बोल्टन वाँडरर्स पैशांअभावी पुरता कोलमडला आणि खाली गेला. बोल्टन हा ब्लॅकबर्नचा शेजारी, तोही फुटबॉल लीगच्या १२ संस्थापकांपैकी एक आणि तोही प्रीमियर लीगमध्ये अनेक वर्षे खेळलेला. ब्लॅकबर्नलाही दरवर्षी तोटा होत होता. अनेक सामन्यांना निम्मे इवुड पार्क रिकामे असे. फरक इतकाच की पुण्याहून मालक तो तोटा भरून काढत राहिले. पहिल्या वर्षांतल्या चुकांबद्दल त्यांच्यावर झालेली टीका रास्त होती. तितकेच हेही खरे की त्यांच्या पैशांवाचून क्लबला बढती मिळणे आणि ती टिकवणे कठीण गेले असते.

पेरले ते उगवले

त्या हंगामात ब्रेरेटनला लीगमध्ये एकच गोल करता आला आणि आर्मस्ट्राँगला पाच. दोघांवरचा खर्च वाया गेला, असे तेव्हा अनेकांना वाटले. क्लबने धीर धरला. आर्मस्ट्राँगने २०२०-२१ मध्ये लीगमध्ये २८ गोल केले आणि मग साउदॅम्प्टनने त्याला मोठ्या किमतीला घेतले. आईच्या बाजूने चिलीचा असलेला ब्रेरेटन २०२१ मध्ये चिलीकडून कोपा अमेरिका खेळला आणि पुढच्या हंगामात त्याने ब्लॅकबर्नसाठी लीगमध्ये २२ गोल केले. गोलरक्षक राया २०१९ च्या उन्हाळ्यात ब्रेंटफर्डला गेला आणि तिथून आर्सेनल व स्पेनच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला. डॅकला मात्र डिसेंबर २०१९ मध्ये गुडघ्याची गंभीर दुखापत झाली आणि त्याच्या कारकिर्दीची गती मंदावली.

मोब्रे २०२२ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, मॅनेजर राहिला. एका हंगामात तीन मॅनेजर गमावलेल्या क्लबच्या दृष्टीने ही स्थिरता फार मोठी होती. २०२२-२३ मध्ये जॉन डाल टोमासनच्या हाताखाली संघ सातवा आला. सहाव्या क्रमांकाच्या संडरलँडचे गुण तेवढेच होते, पण गोलफरक सरस होता. गोलफरकाने ब्लॅकबर्नला दुसऱ्यांदा दगा दिला आणि त्या संडरलँडचा मॅनेजर होता टोनी मोब्रे. २०२३-२४ मध्ये घसरण टाळण्यासाठी शेवटच्या दिवसापर्यंत झुंजावे लागले. विजेत्या लेस्टरला त्यांच्या मैदानावर २-० ने हरवून ब्लॅकबर्नने स्थान राखले.

बढतीनंतरचे इतर अनुभव

बढतीनंतर झेप घेतल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. ब्रायन क्लफचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्ये वरच्या श्रेणीत आला, १९७८ मध्ये थेट इंग्लंडचा विजेता झाला आणि १९७९ व १९८० मध्ये युरोपियन कपही त्यानेच जिंकला. आजच्या आर्थिक दरीत असे घडणे अवघड झाले आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या सलग दोन हंगामांत प्रीमियर लीगमध्ये नव्याने आलेले तिन्ही संघ लगेच खाली गेले.

महाराष्ट्रात या बाबतीत पुणे एफसीचे नाव घ्यावे लागते. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब २००९ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तर तो उपविजेता ठरला. मैदानावरच्या यशाला टिकाऊ आर्थिक आधार मिळाला नाही आणि २०१५ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ बंद पडला. पुढे आय-लीगच्याही वर गेलेल्या इंडियन सुपर लीगमध्ये सुरुवातीची अनेक वर्षे बढतीचा मार्गच नव्हता. २०२३ मध्ये आय-लीग जिंकून पंजाबचा संघ त्या मार्गाने पहिल्यांदा वर गेला आणि पहिल्या हंगामात आठवा आला. २०२४ मध्ये वर गेलेला मोहम्मेडन स्पोर्टिंग मात्र आपल्या पहिल्या हंगामात तळाशी राहिला.

या सगळ्या अनुभवांत ब्लॅकबर्नचा २०१८-१९ चा हंगाम मधल्या जागेवर बसतो. त्यात झेप नाही आणि कोसळणेही नाही. बढती मिळवून देणाऱ्या खेळाडूंवर विश्वास, खरेदीत आवर, तरुणांना वेळ आणि पराभवांच्या काळातही न डळमळणारा मॅनेजर या चार गोष्टींच्या जोरावर क्लबने वरच्या श्रेणीत आपली जागा धरून ठेवली. बढती मिळालेल्या संघासाठी पहिल्या वर्षाचे खरे यश हेच असते. पुढची सगळी स्वप्ने त्यावर उभी राहतात.